पथ्य एकाचं, ताट सगळ्यांचं

हडपसरच्या मंडईतून मेथी, गवार, काकडी घरी येते. पण एकाला मधुमेह निघाला की त्याच्यासाठी पथ्याचं वेगळं शिजतं. हे मला पटत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१! ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ही तुलना २००४ मध्ये छापली. अशी लपलेली चरबी मधुमेहाचा धोका वाढवते, तेव्हा घरातली सडपातळ माणसंही निर्धास्त राहू शकत नाहीत.

म्हणून सगळ्यांनीच एका क्रमाने जेवावं: आधी कोशिंबीर, पालेभाजी, मटकीची उसळ, भाकरी शेवटी. तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेली की साखर रक्तात सावकाश चढते. भाकरी ज्वारीची असली तरी मोजूनच, तिच्यातही पिष्ट भरपूर. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. नाहीतर साखर धोकादायक उतरू शकते.