खारे रान, पिलू आणि आपला ऊस



ऊस नोंदीसाठी शिवारात फिरताना एका सभासदाने विचारले, "साहेब, समुद्राकाठची झुडपं खारात हिरवीगार राहतात, मग माझाच ऊस का पिवळा पडतो?" त्यांच्या वरंब्यावर पांढरा थर फुटला होता. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पिलूच्या कुळाकडे पाहिले की समजते.

पिलू म्हणजे ज्याच्या काडीचे मिसवाक दातवण करतात ते झुडूप. गुजरातच्या खाऱ्या किनारपट्टीत ते आपोआप वाढते. त्याचे कुळ लहान आहे. प्रजाती तीन आणि जाती जेमतेम डझनभर. पाने समोरासमोर जोडीने येतात, कडा अखंड असतात. फुले बारीक, हिरवट, चार पाकळ्यांची. फळ छोटे, गरदार, एकाच बीचे; पिकले की लालसर होते. पाखरे ते खातात आणि बी लांबवर पडते. पान चावले तर मोहरीसारखे झणझणते, कारण मोहरी आणि पिलू एकाच गणातली.

आता खरी गोष्ट. पिलूची मुळे खारे पाणी ओढतात. आलेले मीठ पानांच्या पेशींतील रसाच्या पोकळीत साठते, म्हणून पाने जाड व रसाळ असतात. जुने पान गळाले की त्यातले मीठही झाडावेगळे होते.

उसाला ही सोय नाही. जमिनीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही. रान ओले आणि ऊस तहानलेला! मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता सुमारे १.७ डेसीसायमनपुढे गेली की उतारा घटू लागतो. चारच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त समजावी.

पिलू लावले म्हणजे रान सुधारले, असे मात्र समजू नका. ते खारात तग धरते, खार घालवत नाही. खार जातो तो पाण्याबरोबर, म्हणून आधी चर काढून निचरा करा, मग गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढा. पाण्याच्या पाळ्या बेताने द्या. सामू ८.५ च्या वर असून जमीन चोपण निघाली, तरच परीक्षणानुसार जिप्सम टाका.

लागणीआधी मातीचा नमुना शेतकी कार्यालयात आणून द्या. बेणे, खत, मजुरी घालून बसल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

— ऊस विकास अधिकारी