भुईमुगाचे रानटी भाऊबंद

सोलापूरची शेंगांची चटणी सर्वदूर परिचित आहे. तिला आधारभूत असलेला भुईमूग मात्र मूळचा दक्षिण अमेरिकेतील. ‘ड्युरानेन्सिस’ व ‘इपाएन्सिस’ या तेथील दोन रानटी जातींच्या संकरातून तो काही हजार वर्षांपूर्वी निर्माण झाला. या जातींत प्रत्येकी २० गुणसूत्रे आहेत, तर लागवडीच्या भुईमुगात ४०. असा संकर क्वचितच घडत असल्याने शेतातील भुईमुगाची आनुवंशिक विविधता तोकडी राहिली. टिक्का व तांबेरा या रोगांना तो सहज बळी पडतो.

भुईमुगाच्या सुमारे ८० रानटी जाती ज्ञात आहेत. त्यांच्या शेंगेत एकेक दाण्याचे दोन कप्पे धाग्यासारख्या लांब दुव्याने जोडलेले असतात व दाणा बारीक असतो. उत्पन्नाच्या दृष्टीने त्या निरुपयोगी भासतात; परंतु बोलिव्हियातील ‘कार्डेनासी’ या जातीत उपरोक्त दोन्ही रोगांना तोंड देण्याची शक्ती आढळली. तिचा भुईमुगाशी केलेला संकर वांझ निपजतो. गुणसूत्रे दुप्पट करून शास्त्रज्ञांनी ही अडचण दूर केली. धारवाड कृषी विद्यापीठाच्या ‘जीपीबीडी-४’ या वाणात हाच वारसा उतरला आहे.

‘इपाएन्सिस’ मात्र बोलिव्हियातील एकाच ठिकाणी सापडली. ते स्थळ उजाड झाल्यास केवळ बीजपेढीचाच आधार उरेल. हैदराबादजवळील पटनचेरूच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेत भुईमुगाचे १५,००० हून अधिक नमुने जतन केलेले आहेत. गावोगावच्या जुन्या वाणांची नोंद ठेवण्याचे दायित्व जैवविविधता कायदा, २००२ अन्वये ग्रामपंचायतींच्या समित्यांकडे आहे. आज निरुपयोगी वाटणारे बियाणेच उद्या पीक तारू शकेल.