मुरमाबरोबर फिरणारं गवत

परक्या वनस्पती : लेखांक ६

गाजर गवताचा विषय निघाला की पाच मिनिटांत अमेरिकेचा गहू निघतोच. टंचाईचे दिवस, रेशनच्या रांगा, पीएल-४८०चा लाल गहू आणि त्या गव्हात मिसळून आलेलं हे तण. 'काँग्रेस गवत' हे नावही तेव्हापासूनचं, असं सांगणारा कुणीतरी त्या घोळक्यात असतोच. गोष्ट इतकी चपखल आहे की तिच्यातल्या तारखा कुणी पडताळून पाहत नाही.

त्या तारखा अशा. 'पब्लिक लॉ ४८०' हा कायदा अमेरिकेत जुलै १९५४मध्ये झाला. भारताने त्याखाली पहिला करार केला तो ऑगस्ट १९५६मध्ये. गाजर गवत मात्र पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर १९५५ सालीच दिसलं होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी 'भारतातली नवी नोंद' म्हणून त्यावर लिहिलेलं टिपण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ साली छापून आलं. म्हणजे करार व्हायच्या आधीच तण हजर होतं. आता, अमेरिकेचा गहू त्याआधीही येत होता. १९५१ साली अमेरिकेने भारताला धान्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं आणि त्या गव्हाची जहाजं आपल्या बंदरांना लागली. त्यामुळे गव्हावरचा संशय अगदीच निराधार नाही. पीएल-४८०वरचा आरोप तेवढा टिकत नाही. गव्हाच्या बाजूने आणखी एक साक्ष आहे, ती इथिओपियाची. तिथे हे तण १९८०च्या सुमाराला दिरे दावाच्या आसपास पहिल्यांदा लक्षात आलं, आणि तेही मदतीचं धान्य वाटलं जायचं त्या केंद्रांजवळ.

पण खरा घोळ याहून जुना आहे. विल्यम रॉक्सबर्गच्या 'हॉर्टस बेंगालेन्सिस' या १८१४ सालच्या यादीत, म्हणजे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या झाडांच्या यादीत, या वनस्पतीचं नाव आहे. पुण्याच्या उकिरड्यावर दिसण्याआधी जवळजवळ दीडशे वर्षं! एवढा काळ ती या देशात होती आणि तिने कुणाला त्रास दिल्याची ओरड नाही. मग विसाव्या शतकाच्या मध्यात असं काय झालं, की पुढच्या दोन-तीन दशकांत ती सगळ्या देशाच्या रस्त्यांच्या कडेला जाऊन बसली? नवं बी मोठ्या प्रमाणावर आलं असावं, हे एक उत्तर. ते पटण्याजोगं आहे, पण अर्धंच आहे. बी आलं तरी त्याला रुजायला जागा लागते. त्या जागेची गोष्ट गव्हाच्या गोष्टीइतकी रंगत नाही, कारण तिच्यात दोष द्यायला परका देश नाही.

आधी या झाडाची ओळख करून घेऊ. नावात गवत असलं तरी ते गवत नव्हे. सूर्यफूल, झेंडू, शेवंतीच्या कुळातलं आहे. मूळ घर मेक्सिकोचं आखात आणि त्याभोवतीचा अमेरिका खंडाचा उष्ण प्रदेश. पानं गाजराच्या पानांसारखी चिरलेली, फुलं पांढरी, पाच ठिपक्यांची. जून महिन्यात पहिला पाऊस पडला की उगवतं, आणि महिना-सव्वा महिन्यात फुलायला लागतं. दिवस लहान आहे की मोठा याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ओल मिळाली तर ते वर्षभर फुलतं, म्हणून पाटाच्या कडेला ते उन्हाळ्यातही हिरवंगार दिसतं. एका चांगल्या पोसलेल्या झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया धरतात. बी इतकं बारीक आणि हलकं, की वारा, पाणी, जनावराचं खूर, गाडीचं चाक, काहीही त्याला चालतं. जमिनीत गाडलं गेलेलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

एवढं सगळं असूनही एका गोष्टीत हे झाड कच्चं आहे. त्याला सावली आणि दाटी मानवत नाही. जिथे मारवेल, पवन्या, कुसळी अशी बहुवर्षायू गवतं घट्ट ठोंब धरून बसलेली असतात, तिथे त्याचं रोप वर यायला धडपडतं आणि बहुतेक वेळा हरतं. माळावर गाजर गवत कुठे दिसतं ते नीट पाहा. पायवाटेच्या कडेला, गुरं बसतात त्या जागी, नळयोजनेसाठी चर खणून बुजवला तिथे, पवनचक्कीसाठी रस्ता काढला त्याच्या दोन्ही बाजूंना. शाबूत गवतात ते घुसलेलं सहसा दिसत नाही. आयत्या बिळावर नागोबा, हा त्याचा स्वभाव, आणि बीळ करून देणारे आपण.

चराईचं गणित याला जोडून येतं. गुरं गाजर गवताला तोंड लावत नाहीत, कडू असतं. एखाद्या कुरणात पोसवतील त्याहून जास्त गुरं सोडली, की ती गोड गवत मुळापर्यंत खातात आणि हे तेवढं शिल्लक ठेवतात. पुढच्या पावसाला उघड्या पडलेल्या जागेत त्याच्याच बिया असतात. दोन-चार वर्षांत कुरणाचं चाऱ्याचं मोल संपतं. चाऱ्याच्या टंचाईत जनावराने नाइलाजाने ते खाल्लं, तर दुधाला कडवट चव येते, आणि फार खाण्यात आलं तर जनावर आजारी पडतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या पशुपालकांना याचा मोठा फटका बसला. तिथे आता कुरणात गुरं मोजून सोडणं आणि गवताचं आच्छादन टिकवणं हाच मुख्य उपाय मानतात. शिवाय या तणाच्या भागातून बाहेर पडणारी वाहनं आणि शेतीची यंत्रं धुऊन काढण्यासाठी त्यांनी ठिकठिकाणी सोयी केल्या आहेत.

आपल्याकडे नेमकं याच्या उलट चालतं. डोंगराच्या पायथ्याचा मुरूम खणला जातो, डंपरने चाळीस-पन्नास किलोमीटरवर नेऊन नव्या प्लॉटिंगवर टाकला जातो, त्यावर जेसीबी फिरतो. प्लॉट विकले जातात आणि पुढची दहा वर्षं तसेच पडून राहतात. शहराच्या कडेची ही मोकळी, उकरलेली, मालक असून नसलेली जमीन म्हणजे गाजर गवताचं माहेर. शेताच्या बांधावरही तेच. शेणखत पुरतं न कुजवता टाकलं, तर त्यातूनही बी शिवारात जातं. देशात सुमारे साडेतीन कोटी हेक्टरवर ते पसरलं असल्याचा अंदाज तणशास्त्रज्ञांनी दिलेला आहे. रस्ते, लोहमार्ग, कालवे आणि पडीक जमिनी यांची एकत्र लांबी-रुंदी डोळ्यांसमोर आणली, तर या आकड्याचं आश्चर्य वाटत नाही.

एकदा बस्तान बसलं की मात्र ते शेजाऱ्यांना सुखाने राहू देत नाही. त्याच्या मुळांतून, पानांतून आणि कुजणाऱ्या काड्यांतून जी रसायनं जमिनीत उतरतात, ती इतर बियांची उगवण रोखतात आणि शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींना मारक ठरतात. बंगळुरूच्या संशोधकांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत आणखी एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. गाजर गवताचे परागकण उडून दुसऱ्या झाडाच्या फुलांवर, त्यांच्या कुक्षीवर बसले, तर तिथे फळधारणा कमी होते. टोमॅटो, वांगी यांसारख्या पिकांत हे दिसलं. म्हणजे बांधावरचं तण आत पाय न टाकताही पिकाचं नुकसान करू शकतं. माळरानावर तर याचा अर्थ सरळ आहे. गवतं आणि पावसाळी रानफुलं मागे हटली, की त्यांच्यावर जगणारे टोळ, फुलपाखरं, त्यांना टिपणारे चंडोल, ही सगळी साखळी विरळ होत जाते. जंगल गेलं तर लोकांना दिसतं. माळ गेला तर कळत नाही, कारण सरकारी दप्तरात माळ म्हणजे मुळातच 'पडीक'.

माणसाच्या कातडीवर त्याने काय केलं, हेही सगळ्यांत आधी पुण्यातच कळलं. इथले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी १९६८ साली गाजर गवतामुळे झालेल्या त्वचादाहाची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या काही वर्षांत असे रुग्ण इतके वाढले की वैद्यकीय नियतकालिकांत त्याला साथीची उपमा दिली गेली. यामागचा गुन्हेगार पार्थेनिन नावाचं द्रव्य. झाडाच्या अंगावर बारीक लव असते, तिच्यात ते साठलेलं असतं. झाड वाळून चुरा झाला की ती लव धुळीबरोबर उडते. त्यामुळे झाडाला हात न लावताही पापण्या, मान, कोपराची लवण अशा जागी कातडी जाड, काळपट होते आणि खाजेने जीव नकोसा होतो. पहिल्या स्पर्शाला बहुधा काही होत नाही. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं संपर्क आला की शरीर एकदाचं बिथरतं आणि मग ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. औषधाने आराम पडतो, पण गाव सोडल्याशिवाय सुटका नाही असे रुग्ण डॉक्टरांनी पाहिले आहेत. परागकणांमुळे शिंका आणि दमा, हा त्रास वेगळाच. म्हणून शाळेच्या पोरांना श्रमदानाच्या नावाखाली उघड्या हातांनी गाजर गवत उपटायला लावणं मला साफ चुकीचं वाटतं. हातमोजे नसतील तर तो कार्यक्रम रद्द करावा.

उपायांची कहाणी सुरू होते एका भुंग्यापासून. झायगोग्रामा बायकोलोराटा, आपल्याकडे 'मेक्सिकन भुंगा'. मळकट पांढऱ्या पाठीवर उभ्या तपकिरी रेघा, आकार तुरीच्या दाण्याएवढा. १९८३ साली तो मेक्सिकोहून बंगळुरूला आणला, चाचण्या करून १९८४ साली मोकळा सोडला. भुंगा आणि त्याच्या अळ्या गाजर गवताचा पाला आणि कळ्या खातात. तीन-चार वर्षांत बंगळुरूच्या आसपास झाडांचे नुसते खराटे दिसायला लागले. सगळं छान चाललं असताना नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात हेच भुंगे सूर्यफुलाच्या पानांवर सापडले. एकच कुळ, त्यामुळे शेतकऱ्यांची घाबरगुंडी उडाली आणि भुंगे सोडणं थांबवण्यात आलं. तपासाअंती कळलं ते असं. सूर्यफुलाच्या पानांवर शेजारच्या गाजर गवताचे परागकण येऊन पडले होते, त्यांच्या ओढीने भुंगे ती पानं कुरतडत होते. सूर्यफुलावर त्यांचा वंश वाढत नव्हता. बंदी यथावकाश उठली.

महाराष्ट्रात कृषी विज्ञान केंद्रांतून हा भुंगा मिळतो. मात्र त्याच्याकडून अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. पावसाळ्यात तो जोमात असतो, थंडी लागली की जमिनीत शिरून झोपतो ते थेट पुढच्या पावसाला उठतो. गाजर गवत पावसाबरोबर उगवतं आणि भुंग्यांची संख्या वाढेपर्यंत बरीचशी झाडं फुलून मोकळी झालेली असतात. पाणथळ जागी उन्हाळ्यात वाढणाऱ्या झाडांना तर त्याचं भयच नाही. तणनाशकाची अडचण वेगळी. सरसकट सगळं जाळणारं औषध मारलं, की जमीन पुन्हा उघडी पडते आणि खाली बियांचा साठा तयारच असतो. मिठाचं दाट पाणी फवारा, असाही सल्ला दिला जातो. झाड मरतं खरं, पण ज्या मातीत पुढे काही पेरायचं आहे तिच्यात मीठ ओतण्यात काय शहाणपण?

राहिला दाटीचा उपाय, म्हणजे त्याची जागा दुसऱ्या कुणीतरी घेणं. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने यासाठी टाकळ्याच्या जातकुळीतल्या एका झाडाची शिफारस केली, सेना युनिफ्लोरा. रस्त्याकडेला त्याचं बी फेकलं की ते दाट उगवतं आणि गाजर गवताला दाबतं, हे प्रयोगांतून दिसलं आणि ठिकठिकाणी तसं बी टाकलंही गेलं. गंमत अशी की हे झाडही अमेरिका खंडातलंच. आज दख्खनच्या माळांवर त्याचीही दाट पट्टी दिसते आणि परक्या, पसरणाऱ्या वनस्पतींच्या याद्यांमध्ये त्याचंही नाव आहे. त्यापेक्षा आपला साधा टाकळा काय वाईट होता? पावसाच्या तोंडावर त्याचं बी टाकावं, कोवळ्या पाल्याची भाजी खावी. कुरण असेल तर मारवेल लावावं आणि दोन पावसाळे गुरं आवरावीत. हे काम सावकाश होतं, त्याचे फोटो चांगले येत नाहीत, म्हणून मोहिमेत बसत नाही.

मोहिमेवरून आठवलं. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजर गवत जागृतीसाठी पाळला जातो. हेतू चांगला आहे, पण आपल्याकडे मृग बरसला असेल तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत पहिली फळी पांढरी होऊन बी धरायला लागलेली असते. तेव्हा उपटलेल्या झाडांचा ढीग ट्रॉलीत भरून गावभर नेणं म्हणजे पेरणीच. उपटायचं तर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, जमीन ओली असताना, मुळासकट, हातमोजे घालून. फुलोऱ्याआधीचं झाड खड्ड्यात कुजवलं तर खत बरं होतं. फुललेलं असेल तर तिथल्या तिथे वाळवून जाळावं. आणि घरासमोर भरावाला मुरूम मागवताना तो कुठल्या खाणीतला, तिथे काय उगवलेलं आहे, एवढं डंपरवाल्याला विचारून घ्यावं.

पुढच्या आठवड्यात जलपर्णी : उजनीच्या पाण्यावर आणि इंद्रायणीच्या घाटांवर.