पाण्यात न टिकणाऱ्या सिलिकॉनचा माग

कोल्हापूर दख्खनच्या बेसाल्टवर वसलेले असल्याने मंगळवार पेठेसारख्या जुन्या वस्तीतील विहिरीच्या पाण्यात सिलिकॉन असतेच. खडक झिजताना ते सिलिसिक आम्लाच्या रूपात पाण्यात उतरते आणि मॉलिब्डेट मिसळल्यावर येणाऱ्या पिवळ्या रंगावरून त्याचे प्रमाण मोजता येते. क्लोरोसिलेन आणि अल्कॉक्सिसिलेन या क्रियाशील संयुगांची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण ज्या पाण्यात त्यांचा शोध घ्यायचा तेच पाणी त्यांचे विघटन करते.

या संयुगांशी कोल्हापूरचा जवळचा परिचय आहे. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील एअर ग्लास प्रयोगशाळेत प्रा. ए. वेंकटेश्वर राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिका एरोजेलवर, म्हणजे जेलमधील द्रवाची जागा हवेने घेतलेल्या अतिहलक्या, सच्छिद्र घनपदार्थावर, दीर्घकाळ संशोधन केले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लवचीक एरोजेलचा मूळ पदार्थ मिथाइलट्रायमिथॉक्सिसिलेन होता. ऑक्झॅलिक आम्लाच्या साहाय्याने आधी त्याचे जलविघटन करायचे आणि मग अमोनियाच्या साहाय्याने सुटे झालेले रेणू जोडून जाळे घडवायचे, अशी ती दोन टप्प्यांची रीत होती. एरोजेल घडवणाऱ्याला हवी असलेली ही अभिक्रियाच विश्लेषकाची खरी अडचण ठरते.

जेम्स आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुन्याची वाफ वाहक वायूबरोबर एका लांब नळीतून, म्हणजे स्तंभातून, जाते आणि प्रत्येक घटक आपापल्या वेळी बाहेर पडून आलेखावर शिखर उमटवतो. ट्रायमिथाइलक्लोरोसिलेन पाण्यात पडताच त्याचे ट्रायमिथाइलसिलेनॉल व हायड्रोक्लोरिक आम्ल होते आणि सिलेनॉलचे दोन रेणू जुळून हेक्सामिथाइलडायसिलोक्सेन बनते. यंत्राला दिसतात ते हे वारस, मूळ संयुग नव्हे. टेट्राइथॉक्सिसिलेन उदासीन पाण्यात तुलनेने सावकाश फुटते, पण आम्ल वा अल्कली मिळताच वेग वाढतो. त्याच्या प्रत्येक रेणूतून इथेनॉलचे चार रेणू सुटत असल्याने, विघटन पूर्ण झाले असेल तर १ मिलिग्रॅममागे सुमारे ०.८८ मिलिग्रॅम इथेनॉल मिळते. बंद कुपीतील पाण्यावरची वाफ यंत्रात सोडून हे इथेनॉल मोजता येते. अर्थात पाण्यात ते आधीपासून नव्हते, याची खात्री हवी.

सर्वांत फसवी बाब यंत्राच्या पोटातच असते. अनेक स्तंभांचा आतला लेप पॉलिडायमिथाइलसिलोक्सेनचा, म्हणजे सिलिकॉनच्याच बहुवारिकाचा, असतो. सुई टोचण्याच्या जागचे रबरी बूचही बहुधा सिलिकॉन रबराचे असते. तापमान वाढले की दोन्हींतून चक्रीय सिलोक्सेन झिरपतात आणि वस्तुमान वर्णपटात २०७ व २८१ या ओळखीच्या खुणा उमटवतात. ज्योत-आयनीभवन शोधक वापरला तर सिलिकॉन ज्योतीत जळून सिलिकाची पांढरी भुकटी होते, ती शोधकात साचते आणि त्याची संवेदनक्षमता हळूहळू घटवते.

म्हणून अशा परीक्षणात कोऱ्या नमुन्याचे, म्हणजे केवळ शुद्ध पाण्याचे, मापन प्रत्यक्ष नमुन्याइतकेच मोलाचे आहे. ते नसेल तर छोट्या शिखरावर विश्वास ठेवू नये. अहवाल लिहिणाऱ्यांनीही ‘पाण्यात क्लोरोसिलेन आढळले’ असे न लिहिता कोणते विघटन-उत्पादन किती मिळाले आणि नमुना घेतल्यापासून मोजेपर्यंत किती वेळ गेला, हे स्पष्ट नोंदवावे.