सिमेंटची जात आणि सळईचा गंज



उसाचे बिल हाती आले की पहिला विचार घराच्या स्लॅबचा होतो. म्हणून हा विषय.

परवा पुण्यास शनिवार पेठेत पाहुण्यांकडे गेलो होतो. इमारत पंचेचाळीस वर्षांची. मोरीवरचे छत ताटाएवढे गळून पडलेले, आत तांबड्या सळया उघड्या. यजमान म्हणाले, "तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. भेसळीचं असणार, दुसरं काय!" परमिटाचा तो काळ आपणही भोगला; नियंत्रण १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पूर्ण उठले. पण दुरुस्तीच्या गवंड्याने बोट ठेवून दाखवले. सळईखाली काँक्रीट जेमतेम दोन सूत होते.

सिमेंटमधल्या चुन्यामुळे काँक्रीट अल्कधर्मी राहते आणि सळईवर पातळ संरक्षक थर धरतो. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड हळूहळू आत शिरून तो गुण मारतो. मीठ मात्र थेट त्या थरालाच भोक पाडते. गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीट फोडते. गोव्यात मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, त्यामागेही पोलादी तारांचा गंजच होता.

मग सिमेंट कोणते घ्यावे? साध्या सिमेंटमध्ये चुन्याचा साठा जास्त. राखेच्या (पीपीसी) किंवा स्लॅगच्या सिमेंटमध्ये तो कमी, पण छिद्रे बारीक होतात आणि बाहेरचे मीठ आत शिरायला अवघड जाते. पाण्याखाली चोपण झालेल्या आपल्या रानात पायाला व कॉलमला हेच बरे. मात्र त्याला पाणी कमी मारले, तर हेच सिमेंट आधी दगा देते.

तेव्हा एवढे सांभाळा :

१. स्लॅबच्या सळईखाली पाऊण इंच, कॉलमला दीड इंच काँक्रीट हवेच. खडीचे तुकडे नकोत, कव्हर ब्लॉक लावा.

२. साध्या सिमेंटला उन्हाळ्यात किमान दहा दिवस, राखेच्या वा स्लॅगच्या सिमेंटला चौदा दिवस पाणी मारा.

३. खाऱ्या विहिरीचे पाणी कालवायला वापरू नका. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड असलेले पाणी सळईच्या कामाला चालत नाही. मालातच मीठ कालवले, तर कुठल्याही सिमेंटचा इलाज नाही.

माती परीक्षणाला नमुना न्याल, तेव्हा विहिरीच्या पाण्याची एक बाटलीही बरोबर न्या.