काच, ऊन आणि फिल्म

तंजावर जिल्ह्यात कुंभकोणमजवळ मरुदानल्लूर नावाचे गाव आहे. दक्षिणेतील ज्या भजनपरंपरेत मराठी अभंगही गाइले जातात, तिला शिस्त लावणाऱ्या सद्गुरुस्वामींमुळे हे नाव कित्येक मराठी वाचकांच्या कानांवरून गेले असेल. १८५५ पर्यंत तंजावरास भोसले घराण्याची गादी होती व या मुलखात मराठी बोलणारी कुटुंबे आजही नांदत आहेत. प्रस्तुत लेखात मात्र आपण या गावाकडे वळत आहोत ते तेथील माथ्यावरच्या सूर्याकरिता.

या भागातील जुन्या घरांना पुढे तिण्णै, म्हणजे आपल्याकडील ओटा, वर उतरते कौलारू छप्पर आणि मध्ये चौक असे. ऊन भिंतीपर्यंत पोहोचूच नये, अशी ती रचना होती. आता खिडकीला मोठी काच आली, दारात मोटार आली आणि काचेला ऊन रोखणारी फिल्म लावावी काय, हा प्रश्नही आला. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ऊन म्हणजे काय, ते पाहू.

सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेत डोळ्यांना दिसणारा प्रकाश निम्म्याहून काहीसा कमी असतो. सुमारे निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांची असून ती आपणांस दिसत नाही, केवळ उष्णतेच्या रूपाने जाणवते. उरलेला अल्पसा भाग जंबुपार किरणांचा होय. साध्या पातळ काचेतून दृश्य प्रकाश सुमारे ९० टक्के आत येतो व त्याच्यासोबत अवरक्त किरणांचाही मोठा भाग येतो. आतील वस्तू तापून जी दीर्घ लहरींची उष्णता बाहेर टाकतात, ती मात्र काच आरपार जाऊ देत नाही. बंद मोटार भट्टीसारखी तापते ती यामुळेच.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. काच काळी दिसणे आणि खोली थंड राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. काळेपणा दृश्य प्रकाश अडवतो. उष्णतेचा निम्मा वाटा तर अदृश्य किरणांचा आहे.

बाजारातील फिल्म स्थूलमानाने तीन प्रकारच्या असतात. तिन्हींचा आधार पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा हाच असतो. पहिल्या प्रकारात रंग मिसळलेला असतो. ही फिल्म स्वस्त, परंतु ती किरण शोषून स्वतः तापते, त्या उष्णतेचा काही भाग आतही सोडते आणि कालांतराने तिचा रंग उडतो. दुसऱ्या प्रकारात धातूचा सूक्ष्म थर असतो. तो ऊन परतवतो, पण मोटारीत भ्रमणध्वनी वा फास्टॅग यांच्या रेडिओलहरींना अडथळा करू शकतो. तिसऱ्या, सिरॅमिक प्रकारातील सूक्ष्म कण प्रकाश बराचसा आत येऊ देऊन अवरक्त किरण अडवतात. तिची किंमत अर्थातच अधिक. चांगल्या फिल्म जंबुपार किरण जवळजवळ संपूर्ण रोखतात. त्यामुळे तिरुभुवनमच्या रेशमी साडीचा किंवा भिंतीवरील तंजावर चित्राचा रंग विटण्याचा वेग मंदावतो. तो थांबत मात्र नाही, कारण दृश्य प्रकाश आणि उष्णता यांचाही त्यात वाटा असतो.

विक्रेता ‘९० टक्के अवरक्त किरण रोखते’ असे सांगेल, तेव्हा हा आकडा कोणत्या लहरींपुरता आहे, हे विचारावे. खरी कसोटी ‘एकूण सौर ऊर्जेपैकी किती रोखली’ या आकड्याची.

आता कोणती खिडकी निवडावयाची? मरुदानल्लूर सुमारे ११ अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आणि ऑगस्टच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य तेथे थेट डोक्यावर येतो. मधल्या काळात तो उत्तरेकडे असतो. डिसेंबरातही तो दुपारी सुमारे ५५ अंश उंचीवर असतो. उंचावरील ऊन अडवण्यास लहानसा सज्जा पुरतो. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन सज्ज्याखालून आत शिरते. म्हणून खर्च मर्यादित असल्यास घराच्या पश्चिमेच्या व पूर्वेच्या खिडक्यांना प्रथम फिल्म लावावी. आरशासारखी फिल्म दिवसा आतील दृश्य लपवते, पण रात्री दिवा लागताच बाहेरच्यास आतले सर्व दिसते. पडदा ठेवावाच लागतो.

मोटारीच्या बाबतीत कायद्याचाही विचार हवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० अन्वये पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचेवर कोणतीही फिल्म चिकटवण्यास मनाई केली. पुढे नियमात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून ‘सुरक्षा ग्लेझिंग’ला मान्यता मिळाली. तिच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये विहित प्रमाणातील फिल्म चालेल असा निर्णय दिला. तरीही पैसे देण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात चौकशी करणे श्रेयस्कर.

येथे एक हिशेब ध्यानी ठेवावा. प्रमाणांची बेरीज नव्हे, गुणाकार होतो. मूळ काच ७० टक्के प्रकाश सोडणारी आणि फिल्मही ७० टक्क्यांची असेल, तर दोहोंतून मिळून ४९ टक्केच प्रकाश जातो. बाजूच्या काचेची मर्यादाही ओलांडली जाते. आणि प्रश्न दंडापुरता नाही. तिन्हीसांजेस रस्ता ओलांडणारे मूल चालकास वेळीच दिसणे या प्रकाशावरच अवलंबून असते.

बसवणीचे काम सावलीत व धूळ नसलेल्या जागी करावे. काच साबणाच्या पाण्याने धुवून पात्याने खरवडावी. ओल्या काचेवर फिल्म सरकवून जागी आणावी आणि रबरी पट्टीने मध्यापासून कडांकडे पाणी दाबून काढावे. घरच्या खिडकीत चौकटीशी एक-दोन मिलिमीटर फट राखावी. आत राहिलेले पाण्याचे धूसर ठिपके काही आठवड्यांत सुकून जातात; धुळीचा कण कायमचा राहतो. मोटारीची काच तीन-चार दिवस खाली करू नये. अमोनिया असलेल्या द्रवाने फिल्म पुसू नये. तारेची जाळी असलेल्या, दुहेरी किंवा कडेला टवका गेलेल्या काचेवर उष्णता शोषणारी फिल्म लावल्यास असमान तापण्याने काच तडकू शकते.

सारांश, ऊन बाहेरच अडवता येत असेल तर सज्जा, चटई किंवा झाड हाच पहिला उपाय होय. ते जेथे शक्य नाही तेथे फिल्म उपयोगी पडते. तिची पारख रंगाच्या गडदपणावरून न करता आकड्यांवरून करावी.