काय मोजायचं, काय नाही: इंदूरच्या कारखानदारांसाठी

गैरसमज: शाश्वतता मोजणं हा मोठ्या कंपन्यांचा उद्योग आहे.
सेबीने शाश्वततेचा अहवाल २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांनाच सक्तीचा केला, हे खरं. पण अशा कंपनीला माल पुरवणाऱ्या पीथमपूरच्या छोट्या कारखान्याकडेही विजेचे आणि पाण्याचे आकडे मागितले जाऊ लागतात. तेव्हा जुनी बिलं शोधत बसण्यापेक्षा आजच वही सुरू करावी.

गैरसमज: लावलेली झाडं मोजली की झालं.
झाडं जरूर लावा. पण त्यांच्या संख्येवरून कारखान्याच्या कामाबद्दल काहीच कळत नाही. धंद्याचा भार जिथे पडतो, तिथलं माप घ्यावं. शेव-नमकीनच्या कारखान्यात ते एक किलो मालामागचं इंधन आणि तेल. तळणाच्या तेलातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल पुन्हा वापरता येत नाही, हा अन्नसुरक्षेचा नियमच आहे. असं किती तेल निघालं आणि ते कोणाला दिलं, याची नोंद शंभर रोपांच्या फोटोंपेक्षा मोलाची.

गैरसमज: पाणी आणि वीज ही दोन वेगळी खाती.
इंदुरात तरी नाहीत. नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून उपसून, चढावर ढकलून शहरात येतं. त्या उपशाची वीज इतकी महाग पडते, की जलूदला ६० मेगावॉटचा सौरप्रकल्प उभारण्यासाठी महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले. म्हणजे नळाचं पाणी वाचवलं की वीजही वाचते, आणि विजेबरोबर कार्बनही: देशाच्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

गैरसमज: किलोमागचा आकडा उतरला, म्हणजे प्रगती झाली.
किलोमागे वीज २० टक्क्यांनी घटली आणि उत्पादन दुप्पट झालं, तर एकूण वापर ६० टक्क्यांनी वाढलेला असतो. दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहावेत. फक्त सोयीचा आकडा दाखवणं मला अप्रामाणिक वाटतं.

गैरसमज: कचऱ्याचं वजन पुरेसं आहे.
देवगुराडियाचा रोज ५५० टन ओला कचरा घेणारा बायो-सीएनजी प्रकल्प चालतो, तो कचरा घरातूनच वेगळा होऊन येतो म्हणून. तेव्हा कारखान्यानेही किती कचरा न मिसळता फाटकाबाहेर गेला, ते मोजावं.